शून्य सेकंद मागे

कुताईसीच्या प्रसूतिगृहाचं तळघर.
दोन यंत्रं.
एक नऊ वर्षांचं, पंखा खोकतो त्याचा.
दुसरं सहा आठवडे त्याच्या पाठीशी बसून
शब्दन् शब्द उतरवून घेतंय.
"मला हे दुसरं जास्त आवडतं," झायरा म्हणते,
"मध्ये बोलत नाही."

रात्रीचे दोन. खिडकीच्या गजांवर बर्फ.
मी म्हणतो, बॅकअप आहे.
ती चष्म्यावरून बघते.
"आहे म्हणजे? परत उभा करून पाहिलास?"
मग गुरामची गोष्ट.
चार वर्षं रोज रात्री इमानेइतबारे बॅकअप घेतला त्यानं,
उघडला एकदाच, गरज पडली तेव्हा.
आत काही नव्हतं.
डिस्क खरवडून बाकीचं मिळालं कसंबसं,
पण अकरा दिवसांची बाळं
कागदोपत्री जन्मलीच नाहीत.
आया रांगेत उभ्या,
कडेवर पुरावा घेऊन.

"म्हणून आधी मागच्याला नवं केलं.
जुन्याचं बोलणं नव्याला कळतं.
नव्याचं जुन्याला नाही.
उलटा ओघ कधी लावू नकोस."
तिचा मुलगा ग्दान्स्कला असतो.
फोन ती टेबलावर पालथा ठेवते.

तीन वाजून सात मिनिटं. लिहिणं थांबवलं.
आता जुनं फक्त वाचायचं.
किती मागे? चौदा सेकंद.
नऊ.
नऊ.
नऊ.
तेवढ्यात वरून मकवालाचा फोन:
मुलगी झाली, तीन दहाला, तीन किलो दोनशे,
स्क्रीन घेत नाहीये!
"कागदावर लिही," झायरा म्हणाली. "शाईनं."

शून्य.
मी हात पुढे केला, तिनं अडवला.
मोज.
एका तक्त्यात एक ओळ जास्त निघाली.
नव्यात होती, जुन्यात नव्हती.
आईचं नाव: चाचणी. बाळाचं वजन: एक.
माझी होती ती.
पहिल्या आठवड्यात, कुलूप लावायच्या आधी,
सहज हात चालवून पाहिला होता मी,
जिथे फक्त ऐकायचं होतं तिथे बोललो होतो.
कान गरम झाले.
वर एक बाळ टाहो फोडत होतं, बहुधा तेच.
"खोड," ती म्हणाली. "आणि परत मोज. पहिल्यापासून."

चार वाजून दोन मिनिटांनी
नव्या यंत्रानं स्वतःची पहिली ओळ लिहिली.
मुलगी. तीन दहा. नावाची जागा कोरी.
मकवालाचा कागद मी फायलीत लावला,
शाई थोडी फिसकटली होती.

जुनं बंद करू?
"आठवडाभर असू दे."
ते तीन सातवरच थांबलंय, खोकतंय.
त्याला ती मुलगी माहीत नाही.

झायरानं फोन सुलटा केला.
"लाशा, ग्दान्स्क किती मागे?"
तीन तास, मी म्हणालो.
"मग झोपला असेल," म्हणाली,
आणि तरी नंबर लावला.