प्रॉपर्टी

नाटकात प्रॉपर्टी म्हणजे
मुकुट एक, तलवारी चार, त्यातली एक वाकलेली,
सिंहासन, मंडईजवळच्या डेकोरेटरकडून भाड्यानं, लग्नातलं,
आणि नकाशा.
माझ्या वहीत एवढंच.

नकाशा रोज नवा लागतो.
राजा त्याचे तीन तुकडे करून मुलींना वाटतो,
म्हणून आप्पा बळवंत चौकातून
मी एकदम चाळीस झेरॉक्स काढून आणल्या.
नद्या माझ्या हातच्या.
एक मुठेसारखी वळते,
कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

राजा म्हणजे खाजगीवाले काका.
टेलिफोन खात्यातून निवृत्त. संस्था त्यांनीच काढली,
अडतीस वर्षं दिग्दर्शनही त्यांचंच.
यंदा मुहूर्ताचा नारळ फोडून म्हणाले,
"आता ऋजुता बघेल सगळं. मी फक्त नट."
आणि तालमीत मरता मरता
एक डोळा उघडून सांगतात,
"सलीम, तो निळा जरा उतरव."
सलीम ऋजुताकडे बघतो.
ऋजुता पाण्याची बाटली उघडते,
न पिता बंद करते.

वादळाच्या प्रवेशात राजा अंगावरचं सगळं भिरकावतो.
तेव्हा विजांच्या आवाजाखाली
मला विंगेत एक बारीक खळखळ ऐकू येते:
नारायण पेठेतल्या गोडाऊनची किल्ली,
जानव्याला.
राज्य गेलं, मुली गेल्या, अंगरखा गेला,
किल्ली आहे.

तालमी लांबल्या, झेरॉक्स संपल्या.
पहिल्या प्रयोगाला मी मावसभावाच्या ऑफिसातला
जुना कापडी ट्रेसिंग कागद आणला.
आणि भर दरबारात
राज्य फाटेना.

काकांनी ओढलं. पिळलं. पुन्हा ओढलं.
थोरलीचा पसरलेला हात तसाच.
टिळक रस्त्यावरचं ते अख्खं थिएटर
खोकायचं थांबलं.
मग म्हाताऱ्यानं नकाशा तोंडाशी नेला
आणि कडेला दात लावले.
चर्र आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.
धाकटीनं मान फिरवली,
ते तालमीत नव्हतं.

मध्यंतरात मी माफी मागायला गेले.
आरशासमोर बसून ते एक दाढ चाचपत होते.
ऋजुता दारात.
"असंच ठेवू का गं?" त्यांनी विचारलं.
अडतीस वर्षांत
त्यांच्या वाक्याच्या शेवटी
प्रश्नचिन्ह मी प्रथमच ऐकलं.
"ठेवा," ती म्हणाली. "पण दुसऱ्यांदा ओढू नका. एकदाच."
"बरं."

वादळ आलं. अंगरखा गेला, मुकुट घरंगळला.
मी कान लावून उभी.
नुसता पत्र्याचा गडगडाट.

सामान आवरताना माझ्या टोपलीत,
मुकुटाच्या आत, ती सापडली. दोऱ्यासकट.
वहीत लिहिलं: किल्ली, एक.
पुढचा रकाना 'कोणाकडे' म्हणून असतो,
त्यात काय लिहावं सुचेना.

सकाळी पावणेसातला फोन.
"ती आहे ना तुझ्याकडे?"
आहे, म्हटलं. आणून देऊ का?
"नाही, नाही. नको."
पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
"सहज विचारलं."