सहा युनिट

डॉक्टर फालकांनी इंग्रजीत जो शब्द उच्चारला
तो घरी कसा सांगायचा,
हे जळगावपासून भुसावळपर्यंत ठरेना.
नशिराबाद गेलं, साकेगाव गेलं,
केतकी खिडकीशी, कानात वायरी.
शेवटी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणालो,
"सध्या तिचा मधुचंद्र चालू आहे म्हणे."
बायकोचं लाटणं थांबलं.
केतकी एवढी हसली की उचकी लागली.
तेरा वर्षांची पोर.
मधुमेहातला मधु आणि हा मधु
एकच असावा,
हे आधी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

जानेवारीत रात्रीतून पाचदा उठायची,
तांब्यामागून तांब्या रिकामा.
आम्ही म्हणालो, थंडीत होतंच असं.
गणवेशाचा पट्टा सैल पडला,
तर खिळा तापवून
दोन नवी भोकं मी पाडून दिली.
मीच.
तोंडाला पिकल्या केळासारखा वास यायचा,
आणि केळीच्या मुलखातल्या आम्हाला
त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग आयसीयू. मग अठ्ठावीस युनिट.
मी शेडमधला फिटर, नोंदी ठेवायची सवय.
वही घातली.
अठ्ठावीस. बावीस. पंधरा.
मार्चअखेर नऊ.
आखाजीच्या आठवड्यात सहा.

आखाजीला गल्लीत झोके बांधले,
खापरावर मांडे झाले.
तिनं अर्धा मांडा रसाशी खाल्ला,
दोन तासांनी बोटाला सुई:
एकशे अठरा.
भिरूड वहिनी म्हणाल्या, बरी झाली व माय पोरगी,
कारल्याचा रस मीच सांगितला होता.
मेव्हण्यानं चाळीसगावकडचा एक वैद्य सुचवला,
महिन्यात सुया बंद म्हणे.

खोटं कशाला सांगू,
त्या रात्री फ्रीज उघडून
ती कुपी हातात घेऊन मी उभा होतो.
अंगाला घाम, तोंडावर फ्रीजचा गार उजेड.
सहा युनिट म्हणजे किती?
जेमतेम एक थेंब.
एका थेंबावाचून काय अडेल?

सकाळी तिला समजावत होतो:
इंजिन बंद केलं तरी गाडी
थोडी घरंगळतेच, तसं हे.
ती म्हणाली, नाही पप्पा.
तुमच्या शेडसारखं आहे.
शंभर माणसं होती, उरली दहा,
तीही दमलेली.
बाहेरून मदत आली म्हणून
जरा टेकली, चहा प्यायली,
परत कामाला लागली.
मदत काढून घेतली
तर लवकर मरतील.
"मरतील" हा शब्द तिनं
वरणात बट्टी मोडावी
तसा सहज मोडला.

कुपी जागेवर राहिली.
लाईट गेली की मडक्यात, ओल्या वाळूवर.

किती दिवस, मी डॉक्टरांना विचारलं होतं.
त्यांनी तळहात उलटा केला.
कुणाचे आठवडे, कुणाचं वर्ष.

श्रावणात शेजारी कानबाई बसली.
एका रात्रीची पाहुणी,
तिला कुणी थांब म्हणत नाही,
रात्रभर जागतात फक्त.
सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर नेली,
आणि इकडे उपाशीपोटी एकशे नव्वद.
मंगळवारी दोनशे चौदा.
सर्दी होती तिला.
वहीत मी "सर्दी" लिहिलं,
खाली दोन रेघा ओढल्या.
सर्दी गेली. आकडा राहिला.

सहा. नऊ. चौदा.
चौदा लिहिताना पेन अडखळलं असावं,
कारण केतकीनं वही ओढून घेतली,
"द्या, आता मी लिहीत जाईन."
तिचं अक्षर माझ्याहून बारीक.
मी "सर्दी" लिहिलेल्या पानावर
तिनं काहीच खोडलेलं नाही.

शाळेची वेळ झाली.
तिनं डबा भरला, पेन-सुई खिशात टाकली,
पट्टा लावला.
जुन्याच भोकात बसतो आता.
मी पाडलेली दोन
बकलाच्या आत, दिसत नाहीत.