दोन स्किलिंग बाकी

तेव्हा मी बारा वर्षांचा. लोफोतेनच्या एका बेटावर
सिव्हर्ट मोर्कच्या दुकानात वजनं पुसायचो
आणि झोपायचो गल्ल्याखाली, मिठाच्या पोत्यांत.
तिथे उंदीर येत नसत.
इथे काही सांडत नाही, हे त्यांनाही कळलं होतं.

कोळ्यांच्या खोपटी त्याच्या, होड्या त्याच्या,
जाळं शिवायचा दोरासुद्धा त्याच्या वहीतला.
मासे तेवढे समुद्राचे,
तेही त्याच्या तराजूपर्यंतच.
बायको गेली तेव्हा शवपेटीचे उरलेले खिळे
त्यानं खिशातून परत आणले. मोजून सतरा.

नाताळच्या रात्री आमच्याकडे ताटं उचलत नाहीत.
भाकरी, लोणी, घोटभर बिअर तशीच ठेवतात,
बिछाने सोडून जमिनीवर पेंढ्यात निजतात.
गेलेली माणसं त्या रात्री घरी येतात,
लांबून, दमून.
सिव्हर्टचं टेबल मात्र पुसून लख्ख.
"मेलेल्यांना भूक लागत नाही," तो म्हणे,
"आणि लागलीच, तर जिवंतपणी साठवायचं होतं."

त्या रात्री दार वाजलं नाही, उघडलं.
आधी शेवाळाचा वास आला,
मग इंगब्रिग्त.
मार्चच्या वादळात गेलेला, न सापडलेला.
त्यानं टोपी काढली, टोपीतून पाणी सांडलं.
मी घाबरायला हवं होतं,
पण तो इतका संकोचून उभा होता,
पीठ उधार मागायला यायचा तसाच.

"सात डालर चाळीस," तो म्हणाला.
"वहीत नाव आहे माझं. खाली झोप लागत नाही."
आणि गल्ल्यावर एकेक ठेवत गेला
हिरवी पडलेली नाणी, बुडाल्या जहाजांतून वेचलेली,
एकावर राजाचं नाक झिजलेलं,
एकाला शिंपला चिकटलेला.

सिव्हर्ट ओरडला नाही. मोजू लागला.
खरंच. चष्मा लावून, ओली नाणी बाहीला पुसत,
मेलेल्याकडे न बघता, ओठ हलवत.
शेवटी बोट थांबलं:
"दोन स्किलिंग कमी आहेत."

इंगब्रिग्तनं खिसे उलटे केले. वाळू. एक गळ.
"पुढच्या नाताळला आणतो," तो म्हणाला.
"तोवर व्याज किती होईल?"

टोमणा नव्हता तो. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.
सिव्हर्टचे ओठ हलले आणि मध्येच थांबले.
त्यानं वही ओढली, पान काढलं, टाक बुडवला.
शाई गोठलेली.
मग दौत त्यानं दोन्ही तळव्यांत धरली,
तोंडाशी नेऊन फुंकली, पुन्हा फुंकली.
श्वासाची ऊबही त्यानं आजवर
कुणावर खर्चली नव्हती.
नावावर रेघ ओढली, कागद फाटेस्तोवर.
वर पाहिलं तर कुणी नाही.
फरशीवर ओले ठसे, दाराकडे जाणारे.

सकाळी, म्हणजे घड्याळातल्या सकाळी
(तेव्हा आमच्याकडे सूर्य उगवतच नाही),
कंदील घेऊन तो निघाला. मागे मी, पिठाचं पोतं पाठीवर.
नाणी रुमालात.
माग्नहिल्डच्या दारात बराच वेळ उभा राहिला.
द्यायचं कसं, ते त्याला माहीत नव्हतं.
रुमाल डाव्या हातात विसरून
उजवा पुढे केला, सवयीनं, तळवा वर.
तिची पोर तोरा हसली
आणि तळव्यावर गरम बटाटा ठेवला.
त्यानं तो उभ्याउभ्या खाल्ला, सालासकट.

लोक सांगतात, तो रातोरात बदलला. खोटं आहे.
मेणबत्तीच्या बुंध्यांवरून तो मला पुढेही शिव्या देई.
वहीतली बाकीची नावं खोडायला
त्याला चौदा हिवाळे लागले.
पण नाताळच्या रात्री टेबल पुसू देत नसे.
भाकरी, लोणी, आणि ताटाशेजारी दोन स्किलिंग.
"आणायला विसरला, तर असू देत," म्हणे.

सकाळी ती उचलून ठेवायचं काम माझं.
कधी कधी ओली असत.
मी पुसायचो.