चोवीस तासांची नोंद

फुटाणा रिकाम्या बाथटबमध्ये बसला होता, शेपूट ताठ,
कुंथत.
पांढऱ्या इनॅमलवर एकच थेंब,
डाळिंबाचा दाणा चिरडावा तसा.

रात्रीचे दोन. हंबर नदीवरून धुकं आलेलं,
अख्खं हल शहर ओल्या कापसात गुंडाळून ठेवलेलं.
इमर्जन्सीला फोन लावला. पलीकडली पोरगी म्हणाली,
पोट दाबून बघ, लव, लिंबासारखं कडक लागतंय का?
नाही. मऊ. रिकामं.
मग तुंबलेला नाही. थेंब थांबले तर तस्सा उचलून आण,
नाहीतर नऊला ये.
बोका तुंबला की घड्याळ बघत बसायचं नसतं,
एवढं मला कुणी शिकवायला नको होतं.

मी मिरजेत शिकले. सहा वर्षं झाली,
इथल्या मूत्रविभागात लोकांच्या लघवीचा हिशेब ठेवते.
आत किती गेलं, बाहेर किती आलं, रंग कोणता.
सात नंबरच्या मिस्टर ओल्डरॉइडना
कुणी जवळ असलं की होतच नाही.
मी पडदा ओढते, नळ जरासा सोडते,
आणि बाहेर उभी राहून त्यांच्या कबुतरांची चौकशी करते.
मग आतून तो आवाज येतो.
दोघंही काही ऐकलं नाही असं दाखवतो.

नऊला डॉक्टर पिकरिंग. सुई, सोनोग्राफी, चष्मा कपाळावर.
जंतू नाहीत. खडे नाहीत.
घरात काही बदललंय का?
काही नाही, मी म्हणाले.

बसमध्ये पिंजरा मांडीवर.
परांची, आठवलं. तीन आठवडे झाले,
दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत माणसं, त्यांचा रेडिओ,
आणि माणसं गेली की फळीवर तो काळा बोका,
काचेला नाक लावून.
माझी ड्युटी दिवसाची रात्र झाली, तेही.
आणि मार्चमध्ये शाल्मली गेली, सोफा घेऊन.
सोफा खरं तर फुटाण्याचा होता.
आईला सांगितलं, रूममेट बदलतेय.
आई म्हणाली, बरं झालं, भाडं तरी वेळेवर देणारी बघ.

तर आता घरात मातीचे दोन ट्रे, एकमेकांपासून लांब,
जेवणापासून त्याहून लांब.
खालच्या काचेला ब्राउन पेपर.
डब्यातल्या माशात कोमट पाणी, आमटी वाढवतात तसं.
भिंतीत एक प्लग, ज्याचा वास फक्त त्यालाच येतो
आणि ज्याची किंमत फक्त मला कळते.
कपाटावर खोका. खोक्यात
शाल्मलीचा राखाडी स्वेटर, विसरलेला की ठेवलेला
ते मी विचारलं नाही.
तो त्यात तोंड खुपसून झोपतो. मी खाली उभी राहते.
उंची माझी कमी पडते, एवढंच.

वहीत लिहिते. मंगळवार: सात वेळा, वाटाण्याएवढं.
गुरुवार: पाच. बाथटब कोरडा.
शनिवारी मातीत एकच गोळा, चांगला बटाट्याएवढा,
मी तो खोऱ्यावर घेऊन दिव्याखाली धरला,
सोनारानं धरावा तसा.

त्या रात्री वॉर्डात, पहाटे चारला, लक्षात आलं
की संध्याकाळी सातपासून मी गेलेच नाहीये.
दहा जणांचा हिशेब लिहिला होता, मिलीलिटरसकट.
ओटीपोटात कळ होती, ओळखीची,
मार्चपासूनची असावी.
ब्लेसिंगच्या हातात किल्ल्या दिल्या. म्हटलं, पाच मिनिटं.
ती म्हणाली, दहा घे.

रविवारी आईचा फोन. मी स्वयंपाकघरात.
मांजर कसंय गं?
सुटलं, म्हटलं. मोकळं होतंय आता.
ते जनावर, त्याला कसलं आलंय टेन्शन?
पोटात ठेवतं, म्हटलं. बोलता येत नाही ना.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग काहीच नाही.
मग, वेगळ्या आवाजात:
आणि तू?

मी नळ जरासा सोडला.