सतरा लाकडी मासे

रात्रीचे अकरा. ओउलूत खिडकीबाहेर उणे एकवीस.
पडद्यावर पत्र्याची एक उघडी पेटी:
"वडिलांचे गळ. लाकडी मासे, सतरा नग.
रंग उडालाय. दोघांना डोळे नाहीत.
चाळीस युरो. सिर्का, केमियार्वी."

दोष आधी सांगणारी बाई.
नाहीतर लोक तडा गेलेली बाजू
भिंतीकडे करून फोटो काढतात.

मी फोटो मोठा केला. आणखी मोठा.
डावीकडून चौथा.
पोट शेवाळी, पाठीवर चाकूच्या तीन खुणा,
जबड्याखाली तांदळाच्या दाण्याएवढं पितळ.
सहा हिवाळे मी हाच शोधतोय.
त्या एकट्याचे सहाशे, डोळे मिटून.

बोटांना जुनी खोड. त्यांनी लिहूनही टाकलं होतं,
"पस्तीसला द्याल का?"
पुसलं.
मग नुसतंच "घेतो".
तेही पुसलं, पण त्याला वेळ लागला.
कॉफी केली, प्यायलो नाही.
चोरी नव्हती ती. भाव तिनेच लावलेला,
आणि मला कुणी काही विचारलं नव्हतं.
जन्मभर बर्फाला भोक पाडून बसणारा मी,
गळाला नेमकं कोण लागलंय, कळेना.

दीड वाजता पाठवलं:
"डावीकडून चौथा या पेटीत देऊ नका.
सहाशेच्या खाली कुणालाच नको.
मलासुद्धा."

सकाळी उत्तर:
"तो चुकून फोटोत आला.
त्याच्या शेपटीवर माझ्या दातांच्या खुणा आहेत,
मी दोन वर्षांची असतानाच्या.
तो विकायचा नाही.
उरलेले सोळा, अडतीसला."

खरं सांगतो, रागच आला थोडा.
चांगुलपणाचं बक्षीस म्हणून
तो मला मिळेल, असं आत कुठेतरी
मी धरूनच बसलो होतो.
चाळीस पाठवले. बोललेला भाव तो भाव.

आठ दिवसांनी खोकं आलं.
एकेका गळाच्या टोकाला बुचाचा तुकडा खोचलेला,
टपालवाल्याच्या बोटांना लागू नये म्हणून.
झाकणाच्या आत चिकटपट्टीखाली
दोन युरोचं नाणं.
आणि चौथ्या जागी, मखमलीत,
माशाच्या आकाराचा खळगा.

अभिप्रायाची चौकट बराच वेळ रिकामी लुकलुकत राहिली.
शेवटी लिहिलं:
बांधणी उत्तम. दोघांना डोळे नाहीत,
सांगितल्याप्रमाणे.