झेल

दुसरीचा शेवटचा तास.
सांगलीच्या मार्केट यार्डामागं आमची शाळा,
फक्कीची रेघ मी मारते, वारा पुसतो.

तोहीद मुजावर चेंडू आला की डोळे मिटतो.
लंगडीत मात्र त्याच्या हातून कुणी सुटत नाही,
एका पायावर अख्खं आवार पालथं घालतो.
पण हवेतून काही येताना दिसलं
की खांदे थेट कानापर्यंत.

प्रशिक्षणात सांगितलेलं सगळं करून झालं:
आधी फुगा, मग ओढणी, मग कागदाचा बोळा.
"चेंडूकडे बघ" हे मी इतक्यांदा म्हटलंय
की आता पोरं ते एकमेकांना चिडवायला म्हणतात.

सोमवारी त्याच्या आईनं एक चेंडू शिवून दिला.
बाप हमाल; हळदीच्या पोत्याचा तुकडा,
आत चिंध्या, टाके दाभणाचे.
मी टाकला. छातीवर आपटून पडला,
पांढऱ्या सदऱ्यावर पिवळा गोल.
दुसरा पोटावर.
तिसरा हनुवटीला घासून गेला.

"बाई, तोहीदला हळद लागली!"
प्रणोती चौगुले ओरडली,
आणि सगळ्यांआधी तोच हसला.
हसताना डोळे मिटायचे राहून गेले.
मी तेवढ्यात टाकला.

नंतरचे चार सुटले, हेही खरं.
पण खिचडीच्या ओळीत तो
हात न धुता उभा होता,
तळवे वर करून, येईल त्याला दाखवत.

संध्याकाळी नोंदवही उघडली.
झेलतो. झेलत नाही.
कशावर खूण करावी, या विचारात
माझ्या अंगठ्याची हळद पानाला लागली.