दहापैकी किती

वेंगुर्ले बंदर, बर्फाच्या कारखान्याची कचेरी.
रात्रपाळीत लाद्या मोजून झाल्या की
हिशेबाच्या वहीआड मी लॅपटॉप उघडतो.
महिन्याला दोन खेळांचं परीक्षण,
आठशे शब्द, पैसे उशिरा.

या खेपेचा खेळ असा:
एक बेट, एक दीपगृह, रखवालदार नाहीसा.
आपण त्याची भाची, हाती कंदील
आणि मामाची पत्रं, निम्मी भिजलेली.
धुकं इतकं खरं की मी पडदा पुसला.
पात्रं मात्र बोलघेवडी,
खेकडासुद्धा तत्त्वज्ञान सांगतो.
अर्धा गुण तिथेच कापला.

कोडी चोख. पहिल्या पत्रातली खाडाखोड
तिसऱ्या खोलीत घड्याळाचा काटा होऊन भेटते,
आणि आपण खुर्चीत एकटेच हसतो.

अडलो गुहेपाशी.
दार पाण्याखाली. वर माळ्यावर पितळी चाक,
फिरवलं की आकाशातला चंद्र बदलतो.
सोपं आहे, म्हटलं. चंद्र अर्धा, तर पाणीही अर्धं.
चाक अष्टमीवर आणलं. पाणी हललं, डुललं,
दाराची नुसती कडी दाखवून थांबलं.
पुनवेकडे नेलं तर पायऱ्याच गिळायला लागलं,
घाबरून मी चाक मागे घेतलं.
एकोणीस वेळा.
मग लिहून टाकलं: पाचवं कोडं सदोष,
दोन गुण वजा.

तीन वाजता सगुण कुबल बर्फ न्यायला आले.
चष्मा सुतळीने बांधलेला, हातात चहाचा पेला.
खोक्यावर टेकले, पडद्याकडे बघत राहिले.
"झिला, अष्टमीक पाणी आळशी.
ना धड वर, ना धड खाली.
चंद्र पुरो कर."
"काका, बुडेल सगळं."
"बुडांदे. जेवढा चढता, तेवढाच उतारता.
तू वायच थांब मरे."

थांबलो.
पाणी कंदिलापर्यंत आलं, भाची गळ्यापर्यंत बुडाली,
माझी बोटं चाकाकडे जात होती,
काकांनी मनगट धरून ठेवलं.
मग ओहोटी लागली.
कधीच न दिसलेल्या पायऱ्या दिसल्या,
शेवाळ, तुटका नांगर, आणि दार,
कोरडं.

आत काय होतं ते सांगत नाही,
परीक्षणाचा नियम आहे.

शेवटी नावं सुरू झाली. इथे मी नेहमी बंद करतो.
काका म्हणाले, "रव. ही कोण?"
म्हटलं, खेळ करणारी माणसं.
"इतकी? एका होडयेर?"
अक्षरं परकी, त्यांना वाचता येईनात,
पेरांवर मोजू लागले.
चित्रं काढणारे, आवाज देणारे,
कुणी नुसतंच लाटांचं गणित केलेलं.
पेरं संपली, तरी नावं वर चढत होती.
चहावर साय धरली.
बाहेर होडीचं इंजिन सुरू होऊन बंद पडलं,
कुणीतरी काकांना हाक मारली, काका हलले नाहीत.
पडदा काळा झाल्यावर विचारलं,
"सगळी उतारली?"
"उतरली."
"मग पालव."

ते वाक्य मी खोडलं.
दोन्ही गुण परत दिले,
खेकड्याचा अर्धा मात्र नाही.

नियम मी पाळला. काकांनी कसला पाळायचा?
परतल्यावर अख्ख्या लिलावात
गुहेतलं सगळं सांगून मोकळे.
दुपारी जनी गिरप बांगड्यांची पाटी घेऊन
कचेरीच्या दारात उभी,
बर्फाचं नावही न काढता विचारते,
"त्या पोरीन मग मामाक काय सांगल्यान?"